एक घटका उजेड

मे महिन्याच्या १३-१४ तारखेला, आकाश निरभ्र असेल तर, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी पुण्याजवळच्या पुनावळ्यातल्या कुठल्याही लग्नाच्या लॉन्सच्या पार्किंगमध्ये उभं राहावं आणि स्वतःची सावली शोधावी. ती पायाखाली गेलेली असते. मंडपाचा सरळ उभा खांब, पाण्याचा जार, शिट्टी वाजवत गाड्या लावणारा पोरगा, कुणाचीच सावली बाजूला पडलेली दिसत नाही. पुणे परिसरातला हा शून्य सावली दिवस. सूर्य नेमका डोक्यावर.

आता याच दिवसांतल्या लग्नपत्रिका काढून बघा. मे म्हणजे लग्नसराईचा कळस, आणि दुपारचे मुहूर्त बघाल तर १२.२५, १२.३५, १२.४०. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पंधरा भाग केले की मधला, आठवा भाग म्हणजे अभिजित मुहूर्त. दुपारच्या लग्नांना बऱ्याचदा त्याचाच आधार असतो. त्याच्या बरोबर मध्यावर येते खरी मध्यान्ह. ती घड्याळात बाराला यायला हवी, पण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचं आहे आणि पुनावळे आहे ७३.७५ च्या आसपास. मधल्या पावणेनऊ अंशांचे, दर अंशाला ४ मिनिटं धरून, ३५ मिनिटं झाली. सूर्याला तिकडून इकडे यायला तेवढा वेळ लागतो. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे वर्षभरात थोडं मागेपुढे होतं: फेब्रुवारीच्या मध्यावर मध्यान्ह १२.४९ ला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१९ ला. मुंबईने तर स्वतःचं ३९ मिनिटं मागे चालणारं घड्याळ विसावं शतक निम्मं सरेपर्यंत सोडलं नव्हतं, हे जाता जाता.

म्हणजे गुरुजी पंचांग बघून जो क्षण सर्वांत शुभ म्हणून काढतात, तोच फोटोग्राफरच्या दृष्टीने अख्ख्या दिवसातला सर्वांत वाईट. दोघांचं गणित एकाच सूर्यावर चाललेलं असतं, निष्कर्ष मात्र उलटे. डोक्यावरचा सूर्य कपाळ आणि नाकाचा शेंडा उजळतो, आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या करून टाकतो. मुंडावळ्यांच्या प्रत्येक मण्याची सावली गालावर उतरते. नवरीने दीड तास बसून केलेल्या मेकअपचं जे होतं, ते पाहवत नाही. आकाशात सूर्याची तबकडी जेमतेम अर्ध्या अंशाची दिसते. उजेडाचा उगम एवढा लहान असला की सावलीची कड सुरीसारखी धारदार पडते.

यावर उपाय आपल्याकडे कॅमेरा येण्याआधीपासून आहे: मांडव. पांढरं कापड ताणून बांधलं की सूर्य त्यामागे लपतो आणि सगळं कापडच उजेडाचा उगम होतं. अर्ध्या अंशाच्या ठिपक्याऐवजी डोक्यावर सगळीकडून पाझरणारा प्रकाश. सावल्यांच्या कडा विरघळतात आणि चेहरे गोल, जिवंत दिसू लागतात. फक्त कापड पांढरंच हवं. लाल-गुलाबी झालरीचं छत असलं की सगळी वऱ्हाडी मंडळी जांभूळ खाल्ल्यासारखी दिसतात. डेकोरेशनवाल्याला हे कधीच पटत नाही.

दुसरी वेळ गोधूलीची. इथे मात्र मी चकित झालो ते एका आकड्याने.

पूर्वी लग्नघरात मुहूर्त मोजायला घंगाळ असे. त्यातल्या पाण्यावर तांब्याची छोटी वाटी तरंगत ठेवायची, वाटीच्या बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत चढतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली. दिवस आणि रात्र मिळून घटका साठ, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका घटकेत बरोबर ६ अंश.

आणि फोटोग्राफीच्या काही पुस्तकांत गोधूलीच्या सोनेरी उजेडाची मोजणी कशी करतात? सूर्य क्षितिजापासून ६ अंश वर असल्यापासून तो टेकेपर्यंत. मावळल्यानंतरचा संधिप्रकाशही ६ अंशच: सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत दिवा न लावता वाचता येतं, असं साधारण मानतात. विषुववृत्तावर समदिनी सूर्य सरळ उभा खाली उतरतो, तिथे हा सोनेरी उजेड टिकतो बरोबर एक घटका. तिथे वाटी पाण्यावर सोडायची आणि बुडेपर्यंत फोटो काढायचे. पुनावळे विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेअठरा अंशांच्या जरा पुढे, त्यामुळे इथे सूर्य किंचित तिरका उतरतो आणि वेळ थोडी ताणली जाते: मार्च-सप्टेंबरात २५ मिनिटं, डिसेंबर-जूनमध्ये २८. थोडक्यात, घटकाभरच.

आयर्लंडमध्ये मात्र चंगळ असते. तिकडच्या खेड्यापाड्यांतली लग्नं टिपायला फोटोग्राफरांना का आवडतं, याचं निम्मं उत्तर अक्षांशात आहे. ५३ अंश उत्तरेला सूर्य मावळतो म्हणजे घसरगुंडीवरून रमतगमत खाली येतो. जूनमध्ये पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेच्या बाजूला सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास, आणि शेवटचे ६ अंश उतरायला त्याला जवळजवळ ५० मिनिटं लागतात. जेवणं उरकावीत, भाषणं ऐकावीत, मग नवरा-नवरीला घेऊन दगडी कुंपणाच्या कडेने कुरणात चालत जावं, मेंढ्या बाजूला होईपर्यंत थांबावं, तरी उजेड शिल्लक. आपल्याकडचा फोटोग्राफर तेवढ्या वेळात फक्त नवऱ्याच्या मित्रांना फ्रेममधून बाहेर काढत असतो.

त्यात आमच्याकडची पत्रिकेवरची लाडकी वेळ म्हणजे सायंकाळी ६ वाजून ३५ मिनिटं. एकच वेळ, पण वर्षभरात तिचे तीन वेगळे उजेड. नोव्हेंबरअखेर इथे सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणजे ६.३५ ला मिट्ट काळोख. फेब्रुवारीच्या शेवटी सूर्यास्तच ६.३५ च्या आसपास, तेव्हा मंगलाष्टकं अगदी क्षितिजावरच्या सूर्याच्या साक्षीने. मेच्या मध्यावर सूर्यास्त सातला, त्यामुळे ६.३५ म्हणजे सोनेरी उजेडाची नुकती सुरुवात. शिवाय हे सगळं पुनावळ्याचं झालं. नागपूर सव्वापाच अंश पूर्वेला, तिथे सूर्य वीसेक मिनिटं आधीच मावळतो, हिवाळ्यात त्याहूनही थोडा आधी. इथल्या सवयीने विदर्भातल्या लग्नाला गेलेला फोटोग्राफर पहिल्या दिवशी हमखास फसतो.

हा उजेड सोनेरी का, तर क्षितिजावरच्या सूर्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या चौपटीहून जास्त विखुरतात. एवढ्या प्रवासात निळा वाटेतच सांडतो, आपल्यापर्यंत येतात ते तांबडे-पिवळे किरण. आणि सूर्य गेल्यावर वरचं आकाश गडद निळं होतं, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. दिवसा आकाश निळं दिसतं ते या विखुरण्यामुळे, तेव्हा संध्याकाळचंही तसंच असणार असं वाटतं. पण एडवर्ड हलबर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये गणित मांडून दाखवलं की संधिकाळी डोक्यावरचा निळा मुख्यतः ओझोनचा आहे. तेव्हा सूर्यकिरण ओझोनच्या थरातून आडवे, लांबलचक जातात आणि ओझोन त्यांतला नारिंगी-तांबडा भाग गिळतो. ओझोन नसता तर विखुरण्याचं गणित संध्याकाळच्या आकाशाला पिवळट-करडा रंग देतं. लग्नाच्या अल्बममध्ये दिव्यांच्या माळांमागे जे निळंशार आकाश दिसतं, ते वीस-तीस किलोमीटर उंचीवरच्या त्या वायूचं देणं.

त्या निळ्या वेळेला आणखी एक गंमत घडते. सूर्य मावळतो तेव्हा जमिनीवर साधारण ४०० लक्स उजेड असतो, संधिप्रकाश संपताना तीन-चार. म्हणजे वीस-बावीस मिनिटांत उजेड शंभर पटींनी पडतो, डोळ्यांना जाणवतही नाही. या घसरणीत कुठेतरी दोन-चार मिनिटं अशी येतात की आकाश आणि माळेतले दिवे सारखेच उजळ असतात. त्याच्या आधी दिवे फिके आणि नंतर आकाश काळंठिक्कर. लॉन्सच्या कमानीचा जो फोटो कार्यालयाच्या जाहिरातीत असतो, तो त्याच मिनिटांतला.

पुनावळ्यात मात्र क्षितिज कुणी पाहिलंय? बायपासच्या दोन्ही अंगांना टॉवर उभे राहिलेत, उरलेल्या जागी क्रेन. साठ मीटर उंचीची इमारत धरा. सूर्य ६ अंशांवर आला की तिची सावली पडते सुमारे ५७० मीटर लांब. म्हणजे सोनेरी उजेड पंचांगाप्रमाणे सुरू होतो तेव्हाच अर्ध्या किलोमीटरवरच्या लॉन्समध्ये तो संपलेला असतो. गोधूलीतली धूळ मात्र भरपूर. गाईंची जागा डंपरने आणि काँक्रीटच्या गाड्यांनी घेतली आहे. ही जाड धूळ निळा-तांबडा असा भेद करत नाही, सगळाच प्रकाश सारखा पसरवते, आणि टॉवरच्या फटीतून येणारी तिरीप दोरीसारखी दिसते. चांगला फोटोग्राफर ती फट दुपारीच हेरून ठेवतो.

एवढं सगळं जुळून आलं तरी एक अडथळा उरतो: सत्कार. हवेली, मुळशी, मावळ या पट्ट्यात लग्न म्हणजे मान्यवरांचं संमेलन. निवेदकाच्या हातात माईक, स्टेजवर फेटे, शाल-श्रीफळ, मग आशीर्वादपर दोन शब्द. दोन शब्दांचे वीस होतात, विसांचे दोनशे. खाली फोटोग्राफर घड्याळाकडे बघतोय, वर गुरुजीही बघताहेत. वर्षानुवर्षं हे बघून माझं ठाम मत झालं आहे की पंचांगकर्त्यांनी मुहूर्ताशेजारी भाषणांसाठी एक वेगळा रकाना छापावा.

मग लग्न लागतं ते दिव्यांत. आणि खरी कसोटी तिथून पुढची.

अक्षतेचा एक दाणा बघू. मागच्या रांगेतून कुणीतरी मूठ भिरकावतो, तांदूळ कमानीसारखे वर जातात आणि नवरा-नवरीच्या डोक्यावर उतरतात. दोन मीटर उंचीवरून पडणारा दाणा, हवेचा अडथळा सोडला तर, खाली येईतो सेकंदाला सहा मीटर वेगात असतो. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडला तर तेवढ्यात दाणा सरकतो ६ मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीएवढा. दाणा ओळखू येतो. शंभराव्या भागापुरता उघडला तर तो ६ सेंटिमीटर सरकतो आणि फोटोत नुसती रेघ उमटते. तेव्हा पडदा लवकर मिटलेला बरा.

पण मागे एलईडी वॉल असते, भोवती रंगीत पार लाइट. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि साधे स्वस्त एलईडी दिवे तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हजाराव्या सेकंदाला पडदा सगळा एकदम उघडतच नाही, एक अरुंद फट सेन्सरवरून सरकत जाते. फोटोचा वरचा भाग दिवा तेज असताना टिपला जातो, खालचा मंद असताना. नवरीच्या शालूवरून काळे आडवे पट्टे जातात. ते टाळायला दिव्याचा एक पूर्ण ठोका मिळेल एवढा वेळ द्यावा लागतो, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. अक्षता म्हणतात हजार, दिवे म्हणतात शंभर.

तोडगा आहे फ्लॅश. पडदा शंभराव्या सेकंदाचाच ठेवायचा, आणि फ्लॅश कमी ताकदीवर मारायचा. त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकते. दाणा त्या चमकेत गोठतो, आणि बाकीच्या वेळेत मागच्या दिव्यांचा उजेड त्याला पुसटशी शेपूट लावतो. इथे कॅमेऱ्यातली एक छोटी कळ महत्त्वाची ठरते. नेहमीच्या सेटिंगवर फ्लॅश पडदा उघडताक्षणीच उडतो. मग स्वच्छ दाणा वर दिसतो, शेपूट त्याच्या खाली. फोटोत अक्षता जमिनीतून आभाळाकडे निघाल्यासारख्या दिसतात! फ्लॅश पडदा मिटण्याच्या क्षणी उडेल असं ठरवलं की शेपूट वर जाते, आणि दाणे पुन्हा आशीर्वादासारखे वरून खाली येतात. घरात अल्बम असेल तर काढून बघा, शेपट्या कुठल्या बाजूला आहेत ते.

फ्लॅशची धाव लांब नसते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीने घटतो, तिप्पट झालं की नवव्या हिश्शावर येतो. म्हणून नवरदेव लख्ख आणि पाठीमागचे मामा अंधारात. मामांना ही तक्रार दरवेळी असते, आणि ती रास्त आहे. अंतरपाटामागून भाचीला घेऊन येणाऱ्याचाच चेहरा फोटोत नसावा? हल्ली काही घरांत तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळतात. अन्न वाया जात नाही हे एक, आणि पाकळीचं वजन तिच्या आकाराच्या मानाने नगण्य असल्याने हवा तिला चांगली थोपवते. ती सावकाश, गिरक्या घेत उतरते, कॅमेऱ्याचं काम सोपं होतं. तरीपण कानाला लागणाऱ्या अक्षतेची सर तिला नाही.

हळदीचा कार्यक्रम आदल्या दिवशीचा, आणि तिथे कॅमेरा वेगळ्याच कारणाने गोंधळतो. हळदीतलं कर्क्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून ती पिवळी दिसते. आता तर मागचा झेंडूचा पडदाही पिवळा, करवल्यांच्या साड्याही पिवळ्या. कॅमेऱ्याचा रंग-समतोल आपोआप वर असला तर त्याला वाटतं, एवढं पिवळं म्हणजे दिवाच पिवळा असणार. तो फोटोत निळा मिसळतो. हळद फिकुटते, चेहरे आजाऱ्यासारखे करडे होतात. म्हणून जाणकार फोटोग्राफर आकडा हाताने बांधून ठेवतो: उन्हात ५५०० केल्विन, पिवळ्या बल्बखाली ३००० च्या आसपास. त्यानंतर संगणकावर नवरीला दोन शेड उजळ करण्याची जी पद्धत आहे, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं. हळद लावलेल्या सावळ्या गालावरचा उजेड इतका सुंदर असतो, आणि तो पुसायचे वर पैसे घेतले जातात.

आयर्लंडचं उरलेलं निम्मं उत्तर ढगांत आहे. तिकडे जवळजवळ निम्मा वेळ आकाश पूर्ण झाकलेलं असतं. अख्खं आकाशच मांडवाचं पांढरं कापड. दुपारी बाराला काढा की चारला, चेहऱ्यावर कडक सावली नाही. आपल्याला तसा उजेड मिळतो तो आषाढ-श्रावणात, आणि नेमका तेव्हा चातुर्मास! आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत रीतसर मुहूर्त नाहीत. काही पंचांगांत अडचणीसाठी गौण मुहूर्त देतात, तेवढेच. जो उजेड आयर्लंडच्या नवरीला लग्नादिवशी मिळतो, तो पुनावळ्याच्या नवरीला मिळू शकतो फक्त लग्नाआधी.

प्री-वेडिंग शूटची प्रथा आवडो न आवडो, तिने ही फट अचूक पकडली आहे. काही समाजांच्या बैठकांत तिच्याविरुद्ध ठराव होतात, ते स्टेजवरच्या स्क्रीनवर काय दाखवलं जातं यावरून. उजेडाशी कुणाचं भांडण नाही. जुलैत पहाटे गाडी काढायची, पवनेच्या उगमाच्या दिशेने जायचं. हीच नदी पुनावळ्याच्या कडेने वाहते, आणि समोरच्या काठावर रावेतच्या बंधाऱ्यातून शहराला पाणी जातं. वर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या पवना धरणाचा जलाशय, भोवती तिकोना आणि तुंग हे किल्ले, माथे ढगांत. दोघं पाण्याच्या काठाला उभी, तिच्या हातात पारदर्शक छत्री, त्याचे बूट चिखलात, फोटोग्राफर ओरडतोय, ‘दादा, कॅमेऱ्याकडे नको, वहिनींकडे बघा!’ त्या उजेडात दिवसभर कधीही फोटो काढता येतो. ड्रोन उडवायचा तर मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा आधी तपासावी लागते. पुनावळ्याच्या शेजारीच देहूरोडचा लष्करी परिसर आहे, तेव्हा ही सवय घरापासूनच लागलेली बरी.

एक चोर मात्र तिथेही असतो: हिरवळ. ओलं गवत खालून हिरवा उजेड परतवतो आणि हनुवटीखाली, गळ्यावर हिरवट झाक येते. आयर्लंडच्या कुरणातही हीच अडचण. त्यावर संगणकात हिरवा रंग दाबून तपकिरी करण्याची युक्ती रूढ झाली आहे, आणि तशी तयार सेटिंग इंटरनेटवरून उतरवून आपल्याकडची पोरं सरसकट वापरतात. परिणाम असा की भर श्रावणात, गुडघाभर गवतात काढलेले फोटो अल्बममध्ये येतात ते मार्चमधल्या वाळलेल्या माळासारखे. गळ्यावरची झाक तेवढी काढून गवत हिरवं ठेवता येतं. पाच मिनिटं जास्त लागतात, पण ॲडव्हान्स देतानाच सांगितलं तर फोटोग्राफर ऐकतो.